थर्माकोलमागचं पाणी

आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर बाहेरून थर्माकोल आहे, हे तिथे सहा वर्षं राहूनही निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. बाहेरून दिसतो तो खरखरीत, बिस्किटी रंगाचा गिलावा. ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज येतो, पण आपल्याच इमारतीला बाहेरून ठोकत कोण फिरतं? बडोद्यात अकोटा-मुजमहुडा भागात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही अशी ही इमारत. खाली पार्किंग, वर चार मजले. २०१८ साली ताबा मिळाला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘थंड भिंत’ असं ठळक छापलेलं होतं. ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की सगळा दोष थर्माकोलचाच.

रचना अशी. नऊ इंची विटांची भिंत, तिच्यावर साधा सिमेंटचा गिलावा, त्यावर चिकट मसाल्याने बसवलेले ५० मिलिमीटर जाडीचे थर्माकोलचे तक्ते, त्यावर काचतंतूंची जाळी दाबून दिलेला पातळ थर आणि सगळ्यात वर अॅक्रिलिकचं टेक्स्चर. थर्माकोलवरचं हे कवच सगळं मिळून जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर नुसत्या नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमधून साधारण २ वॅट उष्णता आत येते. एवढा थर्माकोल लावला की ती अर्ध्या वॅटवर येते. मे महिन्यात संध्याकाळी आमच्या पश्चिमेच्या बेडरूममध्ये भिंतीला हात लावला तर ती गरम लागत नाही. माझ्या बहिणीच्या कारेलीबागेतल्या घरात त्याच वेळी भिंतीला पाठ टेकवत नाही.

मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायची. निवृत्त झाल्यावर सोसायटीची खजिनदार झाले, आणि ‘तुम्हाला कळतं यातलं’ म्हणून ओलीची फाइल माझ्याकडे आली. तोवर ती फाइल बरीच जाड झाली होती.

सुरुवात २०२३ च्या पावसाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर झाली. तिथल्या काकूंच्या बेडरूममध्ये कुबट वास यायला लागला. त्यांनी नॅप्थलीनच्या गोळ्या ठेवल्या, कापूर ठेवला, कपाट उन्हात रिकामं केलं. वास कपाटाला नव्हता, कपाटामागच्या भिंतीला होता. भिंतीवर छान फुलाफुलांचा विनाइलचा वॉलपेपर. तो एका कोपऱ्यात फुगला होता, नखाने उचकटला तर मागे काळी बुरशी, अगदी शाईची दौत सांडावी तशी पसरलेली. खिडकी त्या डागापासून चांगली चार फूट दूर. छताला ओलीचा ठिपका नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची भिंत दुसऱ्याच बाजूला. प्लंबर येऊन गेला, ‘लाइन चोख आहे’ म्हणाला.

सोसायटीने मग २०२४ च्या उन्हाळ्यात सगळी पश्चिमेची भिंत वॉटरप्रूफ रंगाने रंगवून घेतली. रबरासारखा ताणणारा, जाड थराचा रंग. भिंत नव्यासारखी दिसायला लागली आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ओल दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर उतरली. तिसऱ्या मजल्यावर एक नवाच डाग उमटला.

त्यातच ऑगस्टच्या अखेरीस पूर आला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, नदी त्या वेळी ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर सगळ्यांना सोपं उत्तर मिळालं. जो तो म्हणायला लागला, भिंतीत पुराचं पाणी चढलंय, वर्षभरात आपोआप वाळेल. हे उत्तर सगळ्यांना आवडलं, कारण त्यात खर्च नव्हता आणि कुणाचा दोषही नव्हता. पण विटांच्या भिंतीत जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने चढतं ते साधारण मीटरभर, फार तर थोडं जास्त. ते पार्किंग ओलांडून पहिल्या मजल्याच्या लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकीवरच्या पट्टीपर्यंत, जात नाही, दुसऱ्या मजल्यावर तर नाहीच. शिवाय पहिली बुरशी पुराच्या आदल्या वर्षीची. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, “बेन, निसर्गाचं गणित वेगळं असतं.”

नवरात्र संपल्यावर आम्ही थर्मल कॅमेरा असलेल्या एका तरुण इंजिनिअरला बोलावलं. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेला, बोलायला कमी. त्याने सकाळी यायला नकार दिला. पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात तापू दे, सूर्य मावळल्यावर तासाभराने बघू, म्हणाला. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, त्याला फक्त तापमान दिसतं. थर्माकोलवरचा पातळ गिलावा ऊन गेलं की झपाट्याने थंड होतो. जिथे मागे पाणी साठलंय तिथे उष्णता धरून राहते, आणि तेवढा भाग उशिरापर्यंत गरम दिसतो. म्हणजे बाहेरून बघताना ओल गरम, आणि आतल्या बाजूने बघताना तीच ओल बाष्पीभवनामुळे थंड. एकाच भिंतीचे हे दोन उलटे फोटो शेजारी ठेवल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली, बाकीचे मात्र गोंधळले.

पडद्यावर जे दिसलं त्याने खरी चौकशी सुरू झाली. प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांपासून खाली उतरणारे पिवळे ओघळ. एसीच्या पाइपच्या भोकांखाली तसेच. गच्चीच्या कठड्याखाली एक सलग आडवा पट्टा. आणि सगळ्यात खाली, पार्किंगच्या छताच्या पातळीवर, जिथे थर्माकोल संपतो तिथे जाड, उजळ रेघ. भिंतीच्या मधल्या मोकळ्या भागात काही नाही. जो भाग आम्ही एवढा पैसा घालून वॉटरप्रूफ केला होता, तो आधीपासूनच कोरडा होता.

आणखी एक गोष्ट दिसली, तिचं महत्त्व मला नंतर कळलं. कोरड्या भागात तक्त्यांवर फिकट गोल ठिपके दिसत होते, एका ओळीत. ते चिकटवण्याच्या मसाल्याचे गोळे. तक्त्याच्या कडेने सलग मसाला लावून मध्ये गोळे द्यायचे, आणि एकूण निदान ४० टक्के भाग चिकटलेला असावा, अशी युरोपातली रीत आहे. आमच्याकडे कडा सोडून फक्त गोळे होते. म्हणजे तक्ता आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर पोकळी, वरपासून खालपर्यंत जोडलेली. वरून आत शिरलेलं पाणी या पोकळीतून कुठेही फिरू शकत होतं. काकूंचा डाग खिडकीपासून चार फुटांवर का, याचं उत्तर तिथेच होतं.

कॅमेऱ्यावर विश्वास ठेवून भिंत फोडायला कमिटी तयार नव्हती. मग मीटर आलं. दोन सुया टोचून आकडा दाखवणारं ते मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं. विटेत तो आकडा टक्केवारी म्हणून धरायचा नसतो, ही जागा त्या जागेपेक्षा ओली एवढंच त्यातून घ्यायचं. त्यात भिंतीला लोणा लागला असेल तर क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि वाळलेली भिंतही ओली दाखवते. आमच्या पार्किंगच्या खांबांवर, जिथे पुराच्या पाण्याने पांढरे क्षार आले होते, मीटर वेड्यासारखं वर गेलं. ते पाहून ‘निसर्गाचं गणित’वाले काका खूश झाले.

शेवटी इंजिनिअरने कार्बाइडची बाटली आणली. माती तपासायच्या लॅबमध्ये सिव्हिलची मुलं जी वापरतात तीच. भिंतीत हळू वेगाने ड्रिल करून, म्हणजे भुकटी तापून वाळणार नाही अशा बेताने, खोलवरची विटेची पूड काढायची, वजन करायची आणि कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत घालून हलवायची. पाण्याशी कार्बाइडची क्रिया होऊन अॅसिटिलीन वायू तयार होतो, आणि त्याच्या दाबावरून काटा पाण्याचं प्रमाण दाखवतो. क्षारांचा इथे गोंधळ नाही. पूर्वेच्या भिंतीतून काढलेल्या पुडीने काटा जेमतेम हलला. पश्चिमेला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली, तो ९ टक्क्यांवर गेला. हा आकडा ओल्या वजनावरचा असतो, कोरड्या वजनावर काढला तर जवळजवळ १०. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, ऑक्टोबरचं ऊन रोज त्या भिंतीवर पडत होतं, आणि तरी वीट अशी. पूड हातात घेतली तर ती भुकटी नव्हतीच, गोळा होत होता.

मग नळीची चाचणी. हा सगळ्या प्रकरणातला माझा आवडता भाग, आणि सगळ्यात कंटाळवाणाही. नियम असा की पाणी खालून वर जात मारायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या सगळ्या सांध्यांवरून जातो आणि कोण गळलं ते कळत नाही. म्हणून खिडकीखालची भिंत आधी, मग खिडकीची सिल, मग बाजूच्या उभ्या कडा, मग डोक्यावरचा सांधा. बाकीचे भाग प्लास्टिक आणि टेप लावून झाकायचे, एकेका भागावर बराच वेळ पाणी चालू ठेवायचं आणि आत काकूंच्या खोलीत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायचं. भिंतीच्या मोकळ्या भागावर कितीही पाणी मारलं तरी आत काही नाही. सिलवर आलो आणि आतून हाक आली.

त्यानंतर त्या मुलाने एक साधी गोष्ट केली, ती कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्याने आतून खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पावसाचं आत आलेलं पाणी त्यांतून बाहेर पडावं म्हणून. पाणी ट्रॅकमध्ये तुंबलं, मग हळूहळू कमी होत गेलं आणि संपलं. बाहेर परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला एक थेंबही दिसला नाही. कारण ती भोकं थर्माकोल बसवताना गिलाव्यामागे गाडली गेली होती. पाणी निघत होतं, पण भिंतीच्या पोटात. दर पावसात, प्रत्येक खिडकीतून, सहा वर्षं.

यात वाऱ्याचा वाटा किती, ते मी घरी बसून काढलं. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर साधारण १६५ पास्कल दाब देतो. म्हणजे तो पाण्याची १७ मिलिमीटर उंचीची पातळी तोलून धरतो. नैर्ऋत्येकडून झड आली की ट्रॅकमधलं पाणी बाहेर पडण्याऐवजी तेवढं वर चढतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातल्या जोडातून आत जातं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस झाला होता. त्या वेळी इमारत नवीन होती आणि कुणाच्याही घरात थेंब आला नव्हता, म्हणून सगळे खुशीत होते. तो पाऊस गेला कुठे, हे आता कळत होतं.

भिंत फोडली ती कार्तिकात. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली ग्राइंडरने फूटभर चौकोन कापला. आमच्या दाहोदकडच्या गवंड्याने छिन्नी घालून तक्ता सोडवला. तक्त्याची पुढची बाजू पांढरी, कोरडी. मागची बाजू बुळबुळीत, आणि त्यात काळ्या मुंग्यांनी बोगदे केलेले, पांढरी अंडी सांडलेली. थर्माकोल पाणी फारसं पीत नाही, पण मुंग्यांना राहायला तो उत्तम. मागच्या गिलाव्याचा रंग गडद, बोटाने खरवडला की वाळू सुटायची. स्लॅबच्या बीमवर गंजाचा तांबूस ओघळ होता. तिथलं काँक्रीट थोडं खरवडून सळी पाहिली, गंज वरवरचा होता. त्या दिवशी पहिल्यांदा आमचे चेअरमन गप्प बसले.

“भेज उपरथी आवे छे, बेन,” ओल वरून येतेय, असं गवंडी म्हणाला आणि वर कठड्याकडे बोट दाखवलं. तोही बरोबर होता. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरसुद्धा बिल्डरने थर्माकोल चढवून तो टेक्स्चरने सपाट गुंडाळला होता. या पद्धतीच्या गिलाव्याला आडवी सपाट जागा चालतच नाही. पाणी थांबेल तिथे तो तडकतोच. निदान सत्तावीस अंशांचा उतार द्यावा असं अमेरिकेतल्या या व्यवसायातले लोक सांगतात. आमच्या कठड्याचा माथा इतका सपाट की तिथे कबुतरं पाणी प्यायची.

सगळ्यात खालची, पार्किंगच्या वरची कड कापली तेव्हा पाणी धारेने बाहेर आलं. तिथेही थर्माकोलचा शेवट जाळी-गिलाव्याने बंद केलेला होता. आत शिरायला पाण्याला पन्नास वाटा होत्या, बाहेर पडायला एकही नाही.

घरी हे सांगितल्यावर सासूबाईंना त्यांचा दांडिया बाजारातला वाडा आठवला. तिथल्या भिंती श्रावणात ओल्या व्हायच्या, चुन्याचे पोपडे पडायचे, आणि नवरात्रापर्यंत सगळं वाळून दसऱ्याला चुना लावला की झालं. त्यांच्या मते हल्लीच्या भिंती नाजूक. खरं तर वाड्याची भिंत आमच्यापेक्षा जास्त पाणी प्यायची, पण चुन्यातून ते जायचंही. आमच्या भिंतीला बाहेरून अॅक्रिलिक, त्यावर तो रबरी रंग, आणि आतून विनाइल. पाणी कुठल्या बाजूने जाणार? त्यात काकू रात्रभर एसी २४ वर ठेवायच्या. जुलै-ऑगस्टात बडोद्याच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. ओल्या विटेतली वाफ थंड विनाइलच्या मागच्या बाजूला येऊन तिथेच पाणी व्हायची. बुरशीला याहून चांगली सोय कुणी केली नसती.

रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की आमची कहाणी फार जुनी आहे. भिंतीवर बाहेरून थर्माकोल लावायची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत, १९५० च्या दशकात सुरू झाली. विटा-दगडांच्या भिंतींवर ती तिथे व्यवस्थित चालली. अमेरिकेत ती १९६९ मध्ये पोहोचली आणि पुढे लाकडी घरांवर आली. १९९० च्या दशकाच्या मध्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन गावात फार जुनी नसलेली घरं उघडून पाहिली, तर बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या गिलाव्यामागे लाकडी फळ्यांचा लगदा झालेला. पाणी शिरलं होतं ते खिडक्यांच्या आणि छताच्या सांध्यांतून, गिलाव्यातून नव्हे. न्यूझीलंडमध्ये तसंच झालं, तिथे भरीला प्रक्रिया न केलेलं लाकूड वापरलं होतं. २००२ मध्ये हन समितीचा अहवाल आला आणि ‘गळकी घरं’ हा तिथे राष्ट्रीय प्रश्न झाला. आमची भिंत विटांची, म्हणून ती कोसळत नाही, नुसती वर्षानुवर्षं भिजत राहते. त्यामुळेच आपल्याकडे हे उशिरा कळतं, असं माझं मत झालं आहे.

आता पैसे. पूर्वेच्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं सरळ होतं, “अमारा घरमां तो भेज नथी.” त्यांची समजूत घालण्यात जितकी शक्ती गेली तितकी भिंत फोडण्यात गेली नाही. बाहेरची भिंत सगळ्यांच्या मालकीची, पश्चिमवाल्यांची खाजगी नाही, हे कागद दाखवून सांगावं लागलं. बीमवरच्या गंजाचा फोटो मोठा करून लिफ्टशेजारी लावला, त्याने थोडं काम केलं. बीम पूर्वेलाही जातो, हे फोटोखाली लिहायला मी विसरले नाही.

बिल्डरकडे जायचं का, यावरही बरीच वादावादी झाली. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता, दुरुस्त करायचा असतो. आमची पाच वर्षं २०२३ मध्ये संपली. काकूंनी पहिली तक्रार तोंडी केली होती, तारखेचा कागद नव्हता. लपलेली ओल वर यायला जेवढा वेळ घेते, जवळजवळ तेवढीच मुदत कायद्यात आहे. कुणाची इमारत चार वर्षांची असेल आणि भिंतीत थर्माकोल असेल, तर कुबट वास यायची वाट न बघता पाचवं वर्ष संपायच्या आत कॅमेरा फिरवून घ्यावा आणि जे दिसेल ते लेखी कळवावं. आम्ही बिल्डरला पत्र पाठवलं. उत्तर गोड आलं, माणूस आला नाही.

सगळा थर्माकोल काढून टाकायचा, असा एक मोठा गट होता. त्याला माझा विरोध होता. कॅमेऱ्यात भिंतीचा बहुतेक भाग कोरडा दिसला होता, आणि तो उचकटून मे महिन्यात पुन्हा भाजून निघायचं याला काही अर्थ नव्हता. शेवटी खिडक्यांखालचे पट्टे, कठड्याचा माथा आणि सगळ्यात खालची ओळ एवढंच काढायचं ठरलं.

काढलेला भाग उघडा ठेवून भिंत वाळू द्यायची होती. ओली वीट इंचाला महिना या हिशेबाने वाळते असं म्हणतात. आतून विनाइल काढल्यामुळे दोन्ही बाजूंनी हवा लागली. हिवाळाभर परांची तशीच उभी, इमारतीला जागोजाग उघडे चौकोन. येणारे-जाणारे विचारायचे, काम बंद पडलं का? कामाचा तोच भाग होता. ठेकेदाराला रिकामी परांची बघवत नव्हती, तो रोज ‘मारून टाकू का गिलावा?’ विचारायचा. उत्तरायणाला पोरं परांचीवर चढून पतंग उडवायला टपली होती, म्हणून दोन दिवस वॉचमनला शिडीशी खुर्ची टाकून बसवलं. काटा ३ टक्क्यांच्या खाली आला तेव्हाच पुढचं काम सुरू केलं.

नवं काम दिसायला काहीच वेगळं नाही. खिडक्या काढून त्यांच्याखाली अॅल्युमिनियमचा पत्रा ट्रेसारखा वाकवून बसवला, मागची आणि बाजूची कड वर वळवलेली, पुढची बाहेर. थर्माकोल लावल्यामुळे भिंत जाड झाली होती आणि जुनी ग्रॅनाइटची सिल तिच्या पातळीत बुडाली होती. नवी सिल गिलाव्याच्या बाहेर चार सेंटिमीटर काढली, तिच्या खालच्या बाजूला पाणी टपकावं म्हणून खाच मारली. ट्रॅकची भोकं मोकळी केली. नवे तक्ते कडेने सलग मसाला देऊन चिकटवले, फक्त खालची कड मोकळी ठेवली आणि मागे उभ्या खाचा काढल्या, म्हणजे चुकून पाणी गेलंच तर उतरेल. अगदी खाली भोकांची पट्टी लावली. कठड्यावर गच्चीच्या बाजूला उतार असलेला पत्रा. नव्या भागावर वाफ जाऊ देणारा सिलिकॉन रेझिनचा रंग दिला. खिडकीच्या सांध्यात आधी फोमची दोरी दाबून मग सीलंट भरलं. ते दर काही वर्षांनी तपासावं लागेल, हे मिनिट्स बुकात लिहून ठेवलंय.

एसीवाल्यांचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागला. प्रत्येक फ्लॅटचा मेकॅनिक वेगळा, प्रत्येकाने वाटेल तिथे भोक पाडून ते व्हाइट सिमेंटने लिंपलेलं. काहींनी बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट सरळ थर्माकोलवर आवळले होते, त्यामुळे कवच दबून बोल्टभोवती तडे गेले होते. आता बाहेरच्या बाजूला उतरता ठेवलेला ठरावीक पाइप आहे, त्यातूनच नळ्या जायच्या. ब्रॅकेट विटेत जातो, मध्ये कडक ठोकळा घालून. नवीन भोक पाडायचं तर आधी मला सांगायचं. याच नियमावरून माझं आमच्याच मजल्यावरच्या एका भाईंशी भांडण झालं. त्यांनी डिश अँटेनाचा स्क्रू कुणाला न विचारता मारला होता. तो काढून भोक भरून घेतलं, भांडण चालू आहे.

२०२५ चा पावसाळा गेला. ओल कळावी म्हणून विटेत पुरून ठेवलेल्या पट्ट्यांवरचे आकडे मी झड येऊन गेली की उतरवून ठेवत होते. पश्चिमेला ते हलले नाहीत. काकूंनी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवलं आहे. वॉलपेपर पुन्हा लावायचा त्यांचा विचार होता, तो मी हाणून पाडला.

दक्षिणेला मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीखाली कॅमेऱ्यात अजून ओघळ दिसतो. ती खिडकी आतून तपासायला हवी, ट्रॅकमध्ये पाणी ओतून. तो फ्लॅट बंद आहे, मालक न्यू जर्सीला आणि किल्ली त्यांच्या आणंदच्या बहिणीकडे. बहिणीला फोन केला की त्या म्हणतात भावाला विचारते, भावाला मेसेज केला की तो म्हणतो बहीण देईल. दिवाळीनंतर मी स्वतःच आणंदला जाऊन किल्ली घेऊन येणार आहे.